पिंपरीमार्गे जर्मनीला

जर्मनीला जाऊन आलेली माणसं प्रवासवर्णनं लिहितात. मी कोल्हापूरच्या कॉलेजात कितीतरी वर्षं जर्मन शिकवते आहे, पण जर्मनीच्या जास्तीत जास्त जवळ मी पोचले ती पिंपरीपर्यंत. त्या लोकांना तिकडे किल्ले, द्राक्षांचे मळे आणि वेळेवर सुटणाऱ्या गाड्या दिसतात. मला पवना नदी, पंपांचा कारखाना आणि एक चौकशी समिती दिसली. आमच्या गल्लीत पुण्यापुढे एकदम मुंबईच लागते असं समजणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते.

बोलावणं आलं ते शेजारच्या काकूंकडून. त्यांचे बंधू दीक्षित पिंपरीच्या एका कंपनीत पर्सोनेल मॅनेजर. कंपनीची भागीदारी जर्मनीतल्या एका कारखान्याशी. काही जर्मन कागद वाचायचे आहेत, प्रकरण नाजूक आहे, जाण्यायेण्याची आणि राहण्याची सोय कंपनी करील, असा निरोप होता. पुण्यात जर्मन जाणणारे कमी आहेत का, असं मी विचारलं. त्यावर काकूंनी बंधूंचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. पुण्यातले निम्मे जर्मन जाणणारे दुसऱ्या कंपन्यांची भाषांतरं करतात आणि उरलेले निम्मे कट्ट्यावर बसतात, म्हणून बाहेरगावचं माणूस हवं. म्हणजे माझी निवड विद्वत्तेसाठी नव्हे, अंतरासाठी झाली होती. तरी मी गेले. वर्गात चार विद्यार्थी आणि त्यातले दोन गैरहजर, अशा बाईला कोणी नाजूक प्रकरणात बोलावलं तर तिनं नाही म्हणू नये.

चाकण, चुकून

पुण्याला स्टेशनवर कंपनीची मोटार येणार होती. ती आली असेलही, पण ड्रायव्हरला 'प्रोफेसर' येणार एवढंच सांगितलेलं, त्यामुळे तो कोट घातलेल्या पुरुषाची वाट पाहत राहिला असावा. मी शेवटी बसच्या रांगेत उभी राहिले आणि कंडक्टरला विचारलं, ही कंपन्यांकडे जाते का. तो म्हणाला, जाते. ते खरंच होतं. भोसरीच्या कारखान्यांवरून ती बस गेली, मी मात्र तेव्हा खिडकीला डोकं टेकून झोपलेली होते. जाग आली तेव्हा समोर कांद्याच्या गोण्यांची भिंत होती.

ते चाकण. कांदा, बटाटा आणि त्यांची धूळ. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थाला मी कंपनीचं नाव सांगितलं, तर त्यानं माझ्याकडे अशा काळजीनं पाहिलं की मलाच माझी काळजी वाटायला लागली. "हितं कंपनी न्हाई बाई," तो म्हणाला. "हितं कांदा. कंपनीवाला हितं कशाला ईल मरायला?" मग त्यानं मला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत, आणि परतीच्या गाडीत बसवून कंडक्टरला बजावलं की बाईंना नाशिक फाट्याला उतरवा, त्या झोपतात.

पिंपरीला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आमच्याकडे गाव संपलं की शेत लागतं. इथं एक गेट संपलं की दुसरं गेट लागतं. शिफ्ट सुटत होती. सायकलींचा लोंढा रस्त्यावर आला आणि मी बॅग छातीशी धरून एका खांबाला चिकटून राहिले. इतकी माणसं आणि कोणी कोणाशी भांडत नाही, हे कोल्हापूरच्या माणसाला जरा अस्वस्थ करतं.

गेस्ट हाउसच्या वॉचमननं मला आत सोडलं नाही. प्रोफेसर यायचे आहेत, त्यांची खोली तयार आहे, त्यांच्या मिसेस येणार असल्याचं साहेबांनी कळवलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. फोनाफोनी झाली, दीक्षित धावत आले. पन्नाशीचे, स्वच्छ, प्रत्येक वाक्याला मार्जिन सोडून बोलणारे गृहस्थ. त्यांनी माफी मागितली आणि खोली दाखवली. खोलीत पलंगावर गादी होती, टेबलावर दाढीचा आरसा होता आणि बाथरूम वरांड्याच्या टोकाला होतं. त्याच्या दारावर पुरुषाचं चित्र होतं. दुसरं दार नव्हतं. दीक्षितांनी त्या चित्रावर पांढरा कागद चिकटवला आणि जितके दिवस मी आहे तितके दिवस तो राहील, असं सांगितलं.

जेवणात टोस्ट, ऑम्लेट आणि वाफवलेल्या भाज्या होत्या. स्वयंपाकी म्हणाला, जर्मन पाहुण्यांना असंच लागतं. मी त्याला सांगितलं की मी जर्मन नाही, जर्मनची आहे. त्याला फरक पटला नाही.

चौकशी

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीपुढे उभी राहिले. समिती तिघांची. मधल्या खुर्चीवर जनरल मॅनेजर, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत. त्यांच्या डाव्या हाताला दीक्षित, उजव्या हाताला सिक्युरिटीचे कॅप्टन. कॅप्टन सैन्यातून निवृत्त झालेले. सैन्यात ते रेशन खात्यात होते असं मला नंतर कळलं, पण बोलताना सीमेवरूनच बोलत.

प्रकरण असं होतं. कंपनीत टेलेक्सचं यंत्र आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, इथे टाइप केलं की तारेवरून जाऊन तिकडच्या तशाच यंत्रावर अक्षरं उमटतात, आणि तिकडचा माणूस लगेच उत्तर टाइप करतो. तार खात्याचा शिपाई मध्ये लागत नाही. वेळ वाचावा म्हणून मजकूर आधी कागदाच्या अरुंद फितीवर भोकं पाडून तयार करून ठेवतात. आलेला मजकूरही कागदाबरोबर अशा फितीवर उतरतो. कुठे भोक आहे आणि कुठे नाही, यावरून यंत्राला अक्षर कळतं. बाराखडी, काना, मात्रा, वेलांटी, यांतलं काही लागत नाही. पहिल्यांदा ती फीत हातात घेतली तेव्हा, इतकी वर्षं आपण पोरांना उगीच व्याकरण शिकवलं, असं मला वाटलं.

त्या यंत्रावर बसणारा ऑपरेटर बबन. पुनावळ्याचा, मॅट्रिक झालेला, आणि कवी. कवितेखाली तो 'पवनासुत' अशी सही करी. कामाचे निरोप संपले की दर शुक्रवारी हा बबन आपली एक मराठी कविता इंग्रजी अक्षरांत फितीवर उतरवून जर्मनीला धाडायचा. तिकडच्या ऑपरेटर बाई, एर्ना नावाच्या, त्याला जर्मनमध्ये उत्तर पाठवायच्या. तिला मराठी येत नव्हतं, त्याला जर्मन येत नव्हतं, आणि हा व्यवहार वर्षभर सुरळीत चालला होता. भाषा येत असलेल्या माणसांत इतके दिवस टिकलेला साहित्यिक संबंध मी तरी पाहिलेला नाही.

बबन तिच्या उत्तरांचे मराठी अनुवाद करून कंपनीच्या मासिकात छापायचा. सदराचं नाव 'विश्वसाहित्याच्या खिडकीतून', आणि पहिल्या लेखाला प्रस्तावना थोरल्या साहेबांची. आमचा कामगार यंत्राद्वारे जगाच्या कवितेशी नातं जोडतो आहे, असं साहेबांनी लिहिलं होतं. ते अंक जर्मनीच्या पाहुण्यांनाही भेट दिले होते. पाहुण्यांना मराठी येत नसल्यामुळे त्यांनी कौतुक केलं.

मग एके दिवशी गेटवर झडती घेताना कॅप्टनना बबनच्या डब्याच्या पिशवीत भोकं पाडलेली फीत सापडली. ती यंत्रावर चालवून पाहिली तर तिच्यात आकडे होते. कॅप्टनचं मत ठाम होतं की नव्या पंपाची मापं बाहेर जात आहेत. बबनला कामावरून तात्पुरतं बाजूला केलं होतं आणि तो बाहेर बाकावर बसला होता. तिशीचा, केस चापून बसवलेला, खिशाला दोन पेनं. खाली मान घालून बसेल अशी माझी कल्पना होती, पण तो माझ्याकडे पाहून दाद मिळणार असल्यासारखा हसला.

त्या फितीवरचा मजकूर उमटवलेला कागद कॅप्टननी आधी माझ्यापुढे सरकवला. अडीचशे, मग सव्वाशे, मग तीन, मग एकशे ऐंशी. शेवटी ERNA. ही चार अक्षरं कोणत्या खात्याची आहेत, असं त्यांनी मला विचारलं.

मी कागद दोनदा वाचला आणि मला हसू आवरेना. अडीचशे ग्रॅम मैदा, सव्वाशे ग्रॅम लोणी, तीन अंडी, साखर चवीप्रमाणे, वरून आलुबुखाराच्या फोडी, आणि एकशे ऐंशी अंशांवर भाजणे. केकची कृती होती. मी तसं सांगितलं.

खोलीत कोणालाच आनंद झाला नाही. कॅप्टन म्हणाले की केक हे सांकेतिक नाव असू शकतं. दीक्षितांनी मासिकाचा अंक उघडून बबनचा अनुवाद माझ्यापुढे धरला. मैद्याच्या 'मेल' या जर्मन शब्दावरून त्यानं महाल केला होता. अंड्यांना 'आयर' म्हणतात, त्यांच्या तीन आया झाल्या होत्या. साखरेचा शब्द इंग्रजी अक्षरांत 'झुकर' असा दिसतो म्हणून त्या आया झुकल्या होत्या. आणि आलुबुखाराचा उच्चार न जमल्यामुळे तो या काव्याचा नायक झाला होता. 'महालात लोणी वितळताना तीन आया झुकून बघतात', अशी सुरुवात होती. खरं सांगायचं तर आमच्या विद्यापीठात याहून वाईट कवितेवर प्रबंध झाले आहेत.

थोरल्या साहेबांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, आधुनिक कविता अशी असू शकते ना? कृतीसारखी दिसणारी?"

असू शकते, मी म्हटलं, पण ही नाही.

साहेब म्हणाले की उद्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी आहे, मी विश्रांती घ्यावी आणि विचार करावा. बाहेर पडताना दीक्षितांनी मला एर्नाच्या निरोपांचा सगळा गठ्ठा दिला आणि मार्जिन सोडून समजावलं. मजकूर कविता ठरला तर सांस्कृतिक देवाणघेवाण झाली, बबनला ताकीद पुरेल. मजकूर मापं ठरला तर पोलीस. पण मजकूर केक ठरला, तर कंपनीच्या यंत्राचा खाजगी वापर झाला, आणि त्याहून मोठं म्हणजे साहेबांनी केकला प्रस्तावना लिहिली असं होतं. मग बबनची नोकरी राहील असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांना माझ्यावर कसलाही दबाव आणायचा नव्हता, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

पुनावळे

आमच्याकडे सुट्टी रविवारी असते, कारण देवानं आणि सरकारनं ती तेव्हा ठेवली आहे. इथे विजेच्या सोयीसाठी कारखान्यांनी वार वाटून घेतले आहेत, त्यामुळे कोणाचा रविवार कधी येईल सांगता येत नाही. कंपनीच्या रविवारी स्वयंपाकीही रजेवर गेला आणि गेस्ट हाउसमध्ये मी, वॉचमन आणि एक मांजर उरलो. अकराच्या सुमाराला गेटपाशी दुधाचा टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून बबन उतरला. मालकिणीनं जेवायला बोलावलंय, टेम्पो मेव्हण्याचा आहे, असं म्हणाला. ज्याच्याबद्दल साक्ष द्यायची त्याच्या घरी जेवू नये, एवढं मला कळतं. पण रिकाम्या पोटी हे तत्त्व फार वेळ टिकत नाही.

दुधाच्या कॅनच्या खडखडाटात पुनावळ्याला पोचलो. पिंपरीची गेटं मागे पडली आणि एकदम भातखाचरं, बांधावर बाभळी, लांबवर डोंगर. तीन कोसांवर माणसं पंपाचे भाग मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, आणि इथं गावात वेळ विचारली तर सावली बघतात. बबनची बायको हौसाबाई दारातच उभी होती. तिनं पिठलं, भाकरी, लसणाची चटणी आणि आंबेमोहर भात वाढला. भाताच्या वासानंच मी अर्धी जेवले. गेस्ट हाउसच्या वाफवलेल्या भाजीबद्दल मी सांगितलं, तर हौसाबाई म्हणाली, "आजाऱ्याला देत्यात तसलं? आन् ते जर्मन धडधाकट असून खात्यात?"

जेवण झाल्यावर बबननं आपल्या कविता म्हणून दाखवल्या. मागितल्या नव्हत्या, पण कवीला ते लागत नाही. एर्नाबाईला पहिल्यांदा धाडलेली, आणि तिनं पुन्हा मागवलेली दिसत होती म्हणून नंतरही दोनदा धाडलेली कविता कंपनीच्या कँटीनमधल्या आमटीवर होती.

वाटीत माझ्या समुद्र भरला, दिसतो तळ आरपार,
डाळीबाई, दर्शन दे गं, दर्शन दे एकवार.
चमचा बुडवुन थकलो माते, रिकामा येतो वर,
डाळीबाई, दर्शन दे गं, दर्शन दे लवकर.

आवाज त्याचा चांगला होता. मग त्यानं मला विचारलं की समितीपुढे मी हसले ते का. बाहेर बाकावर त्याला ऐकू आलं होतं.

मी सांगितलं. महाल म्हणजे मैदा, आया म्हणजे अंडी, आणि नायक म्हणजे आलुबुखार. हौसाबाईनं तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे वळून हसत राहिली. बबन हसला नाही. त्यानं सावकाश विचारलं, "म्हंजी वर्सभर मी सैपाक छापला?"

सगळा नाही, मी म्हटलं. गठ्ठ्यात एक पायमोज्यांची वीण होती, एक लोणच्याची कृती होती. फक्त शेवटचा निरोप वेगळा होता. तो मी रात्री गेस्ट हाउसवर वाचला होता आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नव्हता.

त्या निरोपावर बबनचं सगळ्यात गाजलेलं गाणं बेतलेलं होतं. जर्मन मजकुराची सुरुवात 'माइने मुटर' अशी. बबननं पहिल्या शब्दाची मैना केली, आणि 'बटर'च्या चालीवर दुसऱ्या शब्दाचा मटार. पुढे 'आम' आलं त्याचा आंबा, आणि 'सोनटाग'चं सोनं. 'मैना बसली मटारीवर गं, आंब्याला आलं सोनं.' थोरल्या साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी चाल लावून घेतली आणि कंपनीच्या स्नेहसंमेलनात कामगारांच्या बायकांनी टिपऱ्या घेऊन त्यावर नाच केला. हौसाबाई पहिल्या ओळीत होती.

मी कागद काढून त्याला नीट वाचून दाखवला. "माझी आई रविवारी वारली. ऑफिसात मी सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक दुःखी चेहरा करतात आणि मग मला त्यांचं समाधान करावं लागतं. तुम्हाला माझी भाषा येत नाही हे मला आता कळलं आहे. म्हणून तुम्हाला सांगते. एर्ना."

हौसाबाईचं हसणं थांबलं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज येत राहिला. बबन कागदाकडे बघत बसला. ती बाई आपलं दुःख सांगत होती आणि आम्ही नाचत होतो, एवढंच तो मधे म्हणाला. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत. त्याला ते आवडलं नाही.

"बाई, उद्या तुमी खरंच सांगा," तो म्हणाला. "कविता हाय म्हणून माझी नोकरी वाचवू नका. फकस्त मला येकदा तिला उत्तर धाडू द्या. मग काढलं तरी चालंल."

मी त्याला सांगितलं की समिती यंत्राला हात लावू देणार नाही. तो म्हणाला, ठाऊक हाय. मी टेम्पोत चढताना हौसाबाईनं माझ्या हातात आंबेमोहराची पुरचुंडी दिली आणि तो राहिला पायजे, एवढंच बोलली. तो म्हणजे बबन, कामावर.

टेलेक्सची खोली

चौथ्या दिवशी समितीपुढे मी सगळं क्रमानं वाचून दाखवलं. केक, पायमोजे, लोणचं. थोरल्या साहेबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, ते पेपरवेट फिरवत होते. शेवटचा निरोप वाचला तेव्हा पेपरवेट थांबला. टिपऱ्यांचा नाच त्यांना आठवला असणार, कारण दीक्षितांनाही आठवलेला दिसत होता. मग साहेब म्हणाले की याची नोंद करण्याची आवश्यकता नाही. माणसाला खरोखर लाज वाटली की तो आधी नोंद थांबवतो, हे मी कॉलेजातही पाहिलं आहे.

वाचवलं ते कॅप्टननी. त्यांना काहीच पटलं नव्हतं. मेलेली आई ही हेरांची जुनी युक्ती आहे असं त्यांनी सांगितलं. मुळात ही एर्ना नावाची बाई अस्तित्वात आहे याला पुरावा काय? यंत्र चालू करून खात्री करून घ्यावी, आणि जर्मन बाईंनी, म्हणजे मी, प्रत्येक शब्दावर लक्ष ठेवावं. साहेबांना कोणत्याही मार्गानं विषय संपवायचा होता. ते हो म्हणाले.

टेलेक्सची खोली कोंदट आणि लहान. बबन खुर्चीवर बसला, मी त्याच्याशेजारी स्टुलावर, आणि तिघे मागे. त्यानं नंबर लावला. यंत्र गुरगुरलं आणि तिकडच्या कंपनीचं सांकेतिक नाव उमटलं. ते खरं की खोटं यावर कॅप्टन आणि दीक्षित यांचा लगेच वाद सुरू झाला, आणि एका मिनिटात तो वाद सिक्युरिटी मोठी की पर्सोनेल मोठं इथवर गेला. साहेबांना कोणीतरी फोनवर बोलावलं, ते दारातून बाहेर गेले.

मी हळू आवाजात एकेक अक्षर सांगत गेले आणि बबन ठोकत गेला. तुमच्या आईबद्दल मला आता कळलं. मला फार वाईट वाटतं. तेव्हा मला समजलं नव्हतं, क्षमा करा. बबन, पिंपरी. 'क्षमा करा' हे त्यानं दोनदा घालायला लावलं. जर्मनमध्ये ते बरं दिसत नाही, पण मी घातलं.

यंत्र नुसतं गुरगुरत राहिलं. आपलं वाक्य चुकलं की काय, असं मला वाटायला लागलं. मग टकटक सुरू झाली आणि अक्षरं एकेक करून येऊ लागली. मी बबनच्या कानाशी वाकून मराठी करत गेले.

एर्ना म्हणत होती, आभार. मग म्हणाली की तुमच्या मजकुराचा अर्थ आम्हाला इथे कोणालाच लागला नाही. ओळी लहान होत्या म्हणून मला वाटलं कृती असेल, म्हणून मीही माझ्या कृती पाठवत गेले. पण आईनं पाहून सांगितलं की ही कृती नाही, यात तेच तेच शब्द परत येतात, ही प्रार्थना आहे. 'दर्शन दे, दर्शन दे' ती रोज मोठ्यानं म्हणायची. उच्चार चुकत असतील. शेवटचे दिवस तो कागद तिच्या उशाशी होता. मला एवढंच सांगा, ती प्रार्थना होती का?

मी थांबले. बबनचे हात बटणांवर तसेच होते. मागे कॅप्टन सांगत होते की गेटच्या आत कोणाची सत्ता आहे हे एकदा लेखी ठरलं पाहिजे.

मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना एकच गोष्ट शिकवली आहे, की मूळ मजकुरात जे नाही ते सांगायचं नाही. आमटीला आमटी म्हणायचं. बबननं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "व्हय म्हणा."

जर्मनमध्ये होकाराला दोनच अक्षरं लागतात, जे आणि ए. ती मी सांगितली. बबननं ठोकली. पलीकडून एर्नानं पुन्हा एकदा आभार मानले आणि यंत्र शांत झालं.

तेवढ्यात साहेब परत आले आणि वाद थांबला. दीक्षितांनी यंत्रातला कागद फाडून घेतला, चष्मा वर केला आणि वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. जर्मन त्यांना येत नाही. शेवटून दुसऱ्या ओळीवर मात्र त्यांचं बोट थांबलं.

"हे बबननं लिहिलं?" त्यांनी विचारलं. "जा?"

दीक्षितांनी कागद साहेबांना दाखवला. साहेबांनी वाचला, कॅप्टनना दिला. कॅप्टननी तो उजेडाकडे धरून वाचला. "तिला तोंडावर जा म्हणाला," ते म्हणाले, आणि प्रथमच त्यांनी बबनकडे माणूस म्हणून पाहिलं.

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं की बबननं त्या बाईला शेवटचा शब्द हाच सांगितला का.

"शेवटचा शब्द तोच आहे," मी म्हटलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. ऑपरेटरनं स्वतःहून, समितीच्या समक्ष आणि अत्यंत स्पष्ट शब्दांत परदेशी व्यक्तीशी संबंध संपवला आहे, त्याच्या निष्ठेविषयी शंका उरलेली नाही, असं दीक्षितांनी तिथेच उभ्यानं लिहिलं. बबनला ताकीद मिळाली आणि यंत्रही परत मिळालं. विश्वसाहित्याची खिडकी बंद करून त्या जागी पुढच्या अंकापासून आरोग्यविषयक सदर सुरू करायचं ठरलं. प्रस्तावना अर्थात साहेबांची. बबननं मान खाली घातली होती. तो रडत होता की हसत होता ते मला दिसलं नाही, आणि समितीनं तो पश्चात्ताप धरला.

कागदाच्या तळाजवळच्या 'जा' या शब्दाभोवती दीक्षितांनी लाल पेन्सिलीनं गोल काढला, बाजूला 'अनुवाद बरोबर' असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केलं. मी सही केली. जर्मनमधून मराठीत मी पुष्कळ भाषांतरं केली आहेत, पण सगळ्यांना एकमतानं मान्य झालेलं असं हे पहिलंच.